कार्तिकातला समुद्र आणि घरची वडील माणसे

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला "काहीतरी उपयोगाचे बोला" म्हणून सांगितले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. पण घर चालवणारी बाई रोज काही ना काही आखतच असते. दळण कधी, पाहुण्यांना काय, महिनाअखेरीला पैसे कसे पुरवायचे, हे सगळे बेतच असतात. तसाच एक बेत 2025 सालच्या कार्तिकात आमच्या घरी ठरला आणि तडीसही गेला. माझे सासरे आणि सासूबाई, वये एकाहत्तर आणि सहासष्ट, दोघेच आठ दिवस कोकणात समुद्रकाठी राहून आले. तेव्हापासून आपल्यापैकी कितीतरी जणींनी मला भाजीबाजारात थांबवून विचारले आहे, "दोघंच गेले? तुम्ही जाऊ कसे दिलेत?" त्याचे उत्तर आज सगळ्यांना एकदमच देते.

प्रथम हे सांगते, की आमची वडील माणसे अंथरुणाला खिळलेली नाहीत. मामंजी शाळेत मराठी शिकवीत असत. आजही ते पहाटे उठून प्रीतिसंगमापर्यंत पायी जातात आणि कृष्णामाईचे दर्शन घेऊन परत येतात. त्यांना मधुमेह आहे, पण तो आटोक्यात आहे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे, एक गुडघा कधीमधी कुरकुरतो. तरी श्रावणात त्या आमच्या बरोबरीने पुरण वाटतात. अशा हिंडत्याफिरत्या माणसांना आपण दोन रीतींनी वागवतो. एक तर "आता कशाला दगदग" म्हणून घरात बसवतो, नाहीतर आपल्या सहलीत सामानासारखे बरोबर नेतो. त्यांच्या मनात काय आहे, हे विचारायचे राहूनच जाते.

सासूबाईंचा सगळा प्रवास मी एकदा त्यांच्याकडून मोजून घेतला. पंढरपूर, नरसोबाची वाडी, तुळजापूर, दोन्ही मुलींची बाळंतपणे, आणि नात्यातली लग्ने. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवराबायको दोघेच कुठे गेले, असे एकदाही झाले नव्हते. "तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" म्हणून विचारले, तर आधी म्हणाल्या, "मला काय करायचंय कुठं जाऊन." दोन दिवसांनी शेंगा फोडता फोडता आपणहून बोलल्या, "मला एकदा समुद्रावर नुसतं बसायचंय. कुणाचा डबा भरायचा नाही, कुणाला उठवायचं नाही. नुसतं बसायचंय." मामंजींना विचारले तर ते म्हणाले, "मला मालगुंडला जायचंय. पोरांना इतकी वर्षं केशवसुत शिकवले, पण त्यांचं गाव पाहिलं नाही."

बस, बेताचा पाया एवढाच. एकीला बसायचे होते आणि एकाला चालत जाऊन पाहायचे होते. दोघांचेही होईल असा बेत करणे, हे आमचे काम होते.

घरातून हरकती आल्याच. माझे धाकटे दीर पुण्याला असतात. ते म्हणाले, "त्यापेक्षा यात्रा कंपनीच्या गाडीत बसवू. पाच दिवसांत बारा ठिकाणं होतात, जेवणखाण त्यांचंच." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण पाच दिवसांत बारा ठिकाणे म्हणजे रोज पहाटे पेट्या बांधायच्या आणि रोज नवा बिछाना. त्यात समुद्रावर नुसते बसणे कुठे बसणार? नणंदबाई म्हणाल्या, "आम्ही पण येतो, मुलांनाही समुद्र बघायला मिळेल." सासूबाई गप्प राहिल्या. त्यांची चुळबुळ पाहून मामंजीच शांतपणे म्हणाले, "तुम्ही मे महिन्यात या आमच्याबरोबर. कार्तिकात आम्ही दोघंच जाऊ." नणंदबाईंनाही ते पटले. नातवंडे कितीही लाडकी असली, तरी ती बरोबर असली की आजीचे हात कामालाच लागतात, हे आपण सगळ्या जाणतो.

आणि मोठा प्रश्न राहिला तो असा, की तिकडे काही झाले तर? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याला दुसरी बाजूही आहे. आमच्या जुन्या वाड्यात एक काका-काकू राहत. त्यांना रामेश्वरला जायचे होते. एका वर्षी मुलाची परीक्षा, एका वर्षी घराची डागडुजी, एका वर्षी सुनेचे डोहाळजेवण. "पुढल्या वर्षी नक्की" असे म्हणता म्हणता काका गेले. काकूंनी पिशवीत जपून ठेवलेले पैसे दिवसकार्याला खर्च झाले. हिंडण्याफिरण्याचे बळ अंगात असते ती वर्षे मोजकीच असतात, आणि ती काही सांगून संपत नाहीत. म्हणून "काही झाले तर" या प्रश्नाला "जाऊ नका" हे उत्तर नव्हे. नीट तयारी करणे हे त्याचे उत्तर. ती तयारी आम्ही कशी केली ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट दिवसांची. कोकणातला पाऊस साधारण ऑक्टोबरात ओसरतो. लगेच दिवाळीची सुट्टी येते, तेव्हा किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात. सुट्टी सरली की गर्दी ओसरते. हवा कोरडी होऊ लागते, पण रान अजून हिरवे असते. शरदातले हे कार्तिकाचे दिवस वडील माणसांना सोयीचे. मात्र तिथे थंडी पडली असेल असे समजू नका. दुपारी पारा तेहतीस अंशांच्या आसपास जातो आणि घाम येतो. म्हणून फिरणे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधला वेळ जेवण, झोप आणि ओटीवरचा झोपाळा.

त्यातही तिथी कोणती धरावी, हे मला माझ्या माहेरच्या शेजारीणबाईंनी शिकवले. त्या मूळच्या गुहागरच्या. कोकणात एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भर दुपारी भरती, आणि पहाटे व संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा अंदाज आहे, गावागणिक थोडाफार फरक पडतो, नक्की वेळ तिथल्या कोळ्याला विचारावी. पण बेत आखायला हा हिशेब पुरतो.

आता याचा उपयोग पाहा. चालायची वेळ सकाळी आणि संध्याकाळी. त्या वेळी ओहोटी असेल, तर समोर ओली, घट्ट आणि रुंद वाळू उघडी पडलेली असते. तिच्यावर रस्त्यासारखे चालता येते. भरती असेल, तर वरच्या भुसभुशीत कोरड्या वाळूतून पाय ओढत जावे लागते आणि गुडघे व पोटऱ्या दुखून येतात. म्हणून आम्ही त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे दिवस धरले. 2025 साली ती 5 नोव्हेंबरला होती. 2026 साली अधिक महिना आल्याने ती 24 नोव्हेंबरला येते. एक लक्षात ठेवा, पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, भरतीचे पाणी नेहमीपेक्षा वर चढते. त्या वेळी किनाऱ्यावर थांबायचे नाही. आपली माणसे तेव्हा जेवायला घरी आलेली असतात, हेच बरे.

निघायच्या आधी हवामानखात्याचा अंदाज पाहणे हेही कामच आहे. पाऊस संपला म्हणजे वादळ येतच नाही असे नाही. 2009 साली 11 नोव्हेंबरला फयान वादळ कोकणच्या किनाऱ्याला येऊन धडकले होते. इशारा असेल तर दोन दिवस पुढे ढकलावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. आपण कऱ्हाडकर नशीबवान. पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर गुहागर. जाताना कुंभार्ली घाटाने उतरायचे, किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकायचे आणि येताना रत्नागिरीहून आंबा घाटाने चढून कोल्हापूरमार्गे घरी यायचे. एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. सबंध प्रवास एका दिवसात उरकायचा हट्टही लागत नाही.

जाताना त्यांनी एस.टी. पकडली. 2022 सालापासून पंचाहत्तर वर्षे पुऱ्या झालेल्यांना आपल्या एस.टी.त फुकट प्रवास आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धे तिकीट आहे, आणि 2023 सालापासून सगळ्या वयांच्या बायकांना अर्धे तिकीट आहे. वयाचा दाखला म्हणून आधारकार्ड हाताशी हवे, पेटीच्या तळाशी नको. घाटात मळमळू नये म्हणून पुढची जागा धरावी, पोट अगदी रिकामे किंवा तडस लागेपर्यंत भरलेले नसावे, आणि आलेपाकाची वडी तोंडात ठेवावी. चिपळूणला गाडी बदलायची, तिथे तासभर थांबून चहा घ्यायचा, मगच पुढे.

ज्यांची वडील माणसे मुंबईकडे आहेत, त्यांना कोकण रेल्वे सोयीची. 1998 सालापासून ती पूर्ण मार्गाने धावते. चिपळूण किंवा रत्नागिरीला उतरता येते. मात्र रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तेव्हा तिकिटाचे पैसे पूर्ण धरावेत. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवावी. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालचे बाक राखलेले असतात, ते मागून घ्यावेत.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. मी ठरवले, की ठिकाणे तीनच. गुहागरला तीन रात्री, गणपतीपुळे-मालगुंडकडे दोन आणि रत्नागिरीला दोन. एका ठिकाणी दोन-तीन रात्री राहिले की माणसाला तिथली वाट ओळखीची होते, रात्री उठल्यावर दिव्याचे बटण चाचपडावे लागत नाही. म्हातारपणी अनोळखी न्हाणीघरात आणि अंधारात पडण्याची भीती असते. म्हणून मोठे हॉटेल न बघता घरगुती मुक्काम शोधले आणि फोनवर मी स्वतः त्या घरच्या बाईंशी बोलले. काय काय विचारले ते सांगते. खोली तळमजल्यावर आहे का? शौचकूप खोलीला लागून आणि खुर्चीचे आहे का? न्हाणीघरात घसरते का, धरायला काही आहे का? सकाळी गरम पाणी मिळते का? समुद्र तिथून चालत किती मिनिटे? वाटेत चढउतार किती? वीज गेली तर सोय काय? डॉक्टर किती लांब? आणि जेवण वेळेवर मिळेल का, कारण मधुमेहाच्या माणसाला जेवण लांबवून चालत नाही. हे सारे त्या बाईंनी न कंटाळता सांगितले. ज्या ठिकाणी फोनवरच वैताग दिसला, ते ठिकाण मी वहीतून खोडले.

चौथी गोष्ट प्रकृतीची. निघण्याआधी दोघांना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊन आणले. दहा दिवसांच्या गोळ्या दोन पुड्यांत केल्या, एक हातातल्या पिशवीत आणि एक पेटीत. एक हरवली तरी दुसरी आहे. गोळ्यांची नावे, वेळा, डॉक्टरांचा आणि आमचा फोन असे कागदावर ठळक लिहून दोघांच्या खिशात-बटव्यात एकेक कागद ठेवला. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे, आणि 108 क्रमांक फिरवला की सरकारी रुग्णवाहिका येते, हेही त्याच कागदावर लिहिले.

वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते. म्हणून तहान लागो न लागो, घामाच्या दिवसांत थोडे थोडे पाणी पीत राहायचे. कोकणात शहाळी मिळतात, पण मधुमेहवाल्याने आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याने ती रोज किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारून जावे. पायांचे तर विशेष सांगते. मधुमेहात तळपायाची जाणीव बोथट होते. शिंपला लागला, काच लागली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. मामंजींना अनवाणी वाळूत चालायची भारी हौस, पण त्यांना मी कापडी बूट घेऊन दिले, आणि रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे पाहायचे काम सासूबाईंकडे सोपवले. आणखी एक बारकावा. किनारा पाण्याकडे उतरता असतो. एकाच बाजूने फार चालले तर एका पायावर भार पडतो. जितके जावे तितकेच परत यावे, म्हणजे दोन्ही पायांना सारखा भार मिळतो.

पाचवी गोष्ट समुद्राची. समुद्र कृष्णेचा डोह नव्हे. ज्याला पोहता येते त्यालाही तो ओढून नेतो. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सुंदर, पण तिथे तळ एकदम खोल जातो. तिथे आजवर कितीतरी माणसे बुडाली आहेत. आमचा नियम असा, की पाण्यात घोट्याच्या वर जायचे नाही आणि ओहोटी लागली असताना तर मुळीच आत शिरायचे नाही. ओल्या खडकावर चढायचे नाही. शेवाळावर पाय सरकला तर खुब्याचे हाड मोडते, आणि मग सगळेच बदलते.

सहावी गोष्ट पैशाची, आणि तीच थोडी नाजूक. आमच्या यांची इच्छा होती की सगळा खर्च आपण करावा. मामंजी म्हणाले, "पेन्शन माझी आहे, बायकोला मीच नेणार." तेव्हा ते त्यांचेच राहू दिले. आम्ही फक्त कापडी बूट आणि एक चांगली छत्री घेतली. मुलांच्या पैशाने गेले की माणूस कुठे खर्च करायला संकोचतो. सासूबाईंच्या हातात मामंजींनी वेगळे पैसे दिले, त्याचा हिशेब विचारायचा नाही या बोलीवर. मला वाटते, त्यांच्या हाताला बिनहिशेबाचे पैसे आयुष्यात पहिल्यांदाच लागले.

सातवी गोष्ट आपल्या मनाची. रोज रात्री आठला एक फोन, असे ठरवले. त्याखेरीज कोणी फोन करायचा नाही. दर दोन तासांनी "जेवलात का, गोळी घेतली का" असे विचारत बसलो असतो, तर ती दोघे समुद्रावर असून घरातच राहिली असती.

आता ती दोघे काय पाहून आली ते थोडक्यात सांगते, म्हणजे कोणाला जायचे असेल तर उपयोग होईल.

3 नोव्हेंबरला सकाळी निघून संध्याकाळच्या आत ती गुहागरला पोहोचली. गुहागरचा किनारा कित्येक किलोमीटर सरळ, पांढऱ्या वाळूचा, मागे सुरूचे बन आणि त्याच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. गावात व्याडेश्वराचे देऊळ आणि दुर्गादेवीचे देऊळ, दोन्ही चालत जाण्यासारखी. पहाटे मामंजी ओल्या वाळूवरून लांबवर जात आणि सासूबाई सुरूच्या सावलीत चटईवर बसून राहत. दोघांची वेळ एक आणि करणे वेगवेगळे, पण परत जाताना बरोबर. पौर्णिमेच्या संध्याकाळी पश्चिमेला सूर्य समुद्रात उतरत होता आणि त्याच वेळी मागे पोफळींच्या शेंड्यांवर चंद्र वर येत होता. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, कुठं तोंड करून बसावं तेच कळेना."

जेवायला कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, सोलकढी. मामंजींना मोदक एकच, आणि भात मोजका. घरच्या बाईंनी ते लक्षात ठेवले होते.

6 तारखेला त्यांनी दिवसभरासाठी एक मोटार ठरवली. वेळणेश्वरला महादेवाचे दर्शन घेतले, मग हेदवीला दशभुज गणपतीचे. हेदवीच्या किनाऱ्याजवळ खडकाला एक अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचे पाणी तीत शिरले की उंच फवारा उडतो. आपल्या पाऊणपटीच्या हिशेबाने त्या दिवशी भरती बारा-पाऊणच्या सुमाराला होती, म्हणून त्यांनी वेळ धरून तिथे थांबा घेतला आणि लांब कोरड्या जागेवरून पाहिले. जवळ जाऊन पाहण्यासारखी ती जागा नव्हे. पुढे तवसाळला मोटारीसकट फेरीबोटीत चढून शास्त्री नदीची खाडी ओलांडली आणि पलीकडे जयगडला उतरून संध्याकाळी मुक्कामाला पोहोचली.

गणपतीपुळ्याला गणपती म्हणजे डोंगरच, म्हणून प्रदक्षिणा सबंध टेकडीला घालायची. ती सुमारे एक किलोमीटरची वाट आहे, फरसबंद आणि बरीचशी समुद्राच्या कडेने. सासूबाईंनी ती सावकाश, दोनदा बसून पुरी केली. 8 तारखेला संकष्टी होती. त्या दिवशी देवळात मोठी गर्दी उसळते, म्हणून त्यांनी दर्शन 7 तारखेलाच उरकले. त्याच संध्याकाळी मामंजी चालत मालगुंडला गेले. तिथे केशवसुतांच्या जन्मघरी स्मारक केले आहे, कौलारू घर आणि जुन्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. सासूबाईही बरोबर गेल्या. गुडघा दुखला तर रिक्षाने परतायचे, असे ठरले होते, आणि परतताना रिक्षाच केली. चालता येते म्हणून दोन्ही वेळा चाललेच पाहिजे असे कुठे आहे?

रत्नागिरीला टिळकांचे जन्मघर, 1931 सालचे पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा राजा इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून इकडे आणून ठेवला, आणि 1916 साली तो इथेच वारला. परमुलखात तीस वर्षे काढणाऱ्या त्या राजाराणीची गोष्ट सासूबाईंनी आल्यावर मला दोनदा सांगितली. 10 तारखेला आंबा घाटाने कोल्हापूर आणि रात्री घरी.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. रत्नागिरीला पहिल्या रात्री मामंजींचे पोट बिघडले. सासूबाईंनी कागद काढला, त्यावरच्या फोनवर डॉक्टरांना विचारले, मीठ-साखर-पाण्याची पुडी दिली, दुसऱ्या दिवशीचे हिंडणे निम्मे केले. आम्हाला हे सांगितले ते रात्री आठच्या फोनवर, सगळे मार्गी लागल्यावर. आमचे हे ऐकून अस्वस्थ झाले, रात्रीतच गाडी काढतो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "तुझा बाप आता दहीभात खाऊन घोरतोय. तू झोप." पंचेचाळीस वर्षे दुसऱ्यांची दुखणी निभावलेल्या बाईला आपण उगीच नाजूक समजतो, भगिनींनो.

आल्यावर काय फरक पडला म्हणाल, तर डोळ्यांत भरण्यासारखा मोठा काही नाही. सासूबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या, मामंजी पुन्हा संगमावर जाऊ लागले. फक्त आता कधी कधी त्याही बरोबर जातात, काठावर बसतात. आणि परवा पंचांग चाळता चाळता त्या मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी त्रिपुरी 24 नोव्हेंबरला आहे." एवढेच म्हणाल्या, पण मी ते वहीत लिहून ठेवले.

शेवटी दोन सूचना करते. घरी गेल्यावर आपापल्या वडील माणसांना एक प्रश्न विचारा, "तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. दोन दिवस थांबा. आणि दुसरी सूचना मंडळाला. आपल्यापैकी जी कोणी अशा मुक्कामांना जाऊन येईल, तिने घरगुती खोलीचा पत्ता, पायऱ्या किती, न्हाणीघर कसे, जेवण कसे, डॉक्टर किती लांब, हे मंडळाच्या एका वहीत लिहावे. पहिली तीन पाने मी भरून देते. वही चिटणीसबाईंकडे राहील. पुढल्या कार्तिकापर्यंत ती जाड झालेली दिसावी.

माझ्या साध्यासुध्या बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल तर गोड मानून घ्या. आज तिळगूळ घेतलाच आहे.